पहिले वेल्डिंग मशीन घेण्यापूर्वी

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री दोन-अडीचला येणारा एक रुग्ण तिथल्या डॉक्टरांना दारातूनच ओळखू येतो. दोन्ही डोळ्यांवर ओला रुमाल, दंडाला धरून आणणारा भाऊ किंवा बायको, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात पापणी उघडायची हिंमत नाही. डोळ्यांत वाळू ओतल्यासारखे टोचते आहे, पाणी थांबत नाही. पूर्वी हा रुग्ण बहुधा फॅब्रिकेशनच्या दुकानात नव्याने लागलेला पोरगा असे. आता त्याच्या जागी कधी शाळामास्तर दिसतो, कधी बँकेतला कारकून, कधी ट्रॉलीची तुटलेली कडी घरीच जोडायला बसलेला शेतकरी. ऑनलाइन मागवलेले छोटे मशीन शनिवारी घरी येते, रविवारी दुपारी कुंड्यांच्या स्टँडचे काम निघते आणि मध्यरात्री रुग्णालयाची पायरी चढावी लागते. एखाद्या वेळी सोबत सात-आठ वर्षांची मुलगीही असते. तिने मशीनला हातही लावलेला नसतो. बाबा काय करतात, ते ती फक्त बघत उभी असते.

सगळ्यांचे सांगणे एकसारखे असते : ‘काम करताना काहीच झालं नव्हतं, झोपल्यावर सुरू झालं.’

घरगुती वेल्डिंगचा खरा धोका या एका वाक्यात आहे. मशीन तापले की त्याच्यावरचा पिवळा दिवा लागतो आणि ते आपोआप थांबते. माणसाच्या डोळ्याला आणि फुप्फुसाला असा दिवा नाही. डोळा सहा ते बारा तासांनी तक्रार करतो, धुराचा ताप रात्री चढतो आणि फुप्फुसांवरचा परिणाम दिसायला कधी कधी वर्षे लागतात. शरीर वेळेवर सांगत नाही, म्हणून सगळा विचार मशीन विकत घेण्याच्या आधीच करावा लागतो.

दुकानात न विचारलेला प्रश्न

मुंबईची नागदेवी स्ट्रीट असो, पुण्याची बोहरी आळी असो की तालुक्याच्या गावातले हार्डवेअरचे दुकान, गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न येतो, ‘किती अँपिअरचं पाहिजे?’ गिऱ्हाईकही मोठा आकडा तो चांगला, असे समजून २०० अँपिअर सांगतो. काम कुठे बसून करणार, हे सहसा कोणी विचारत नाही. खरे तर निवडीची सुरुवात तिथून व्हायला हवी.

जागा ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिली, चारही बाजूंनी वारा खेळणारे अंगण, मळा किंवा मोकळी गच्ची. दुसरी, तीन बाजूंनी बंद असलेली शेड किंवा गाडी लावायची जागा. तिसरी, फ्लॅटची बाल्कनी किंवा खोली. कोणते मशीन चालेल आणि धूर कुठे जाईल, हे या तीन जागांवर ठरते.

चार प्रकार, चार स्वभाव

घरगुती कामासाठी बाजारात चार पर्याय दिसतात. पहिला, रॉडचे म्हणजे आर्क वेल्डिंगचे मशीन. रॉडवरचा लेप जळून वितळलेल्या लोखंडाभोवती वायूचे आवरण तयार होते, त्यामुळे हवेचा वेगळा सिलिंडर लागत नाही. धूर बऱ्यापैकी होतो, स्लॅगची खपली हातोडीने झाडावी लागते. पण हे मशीन वाऱ्यावर, उघड्यावर चालते.

दुसरा, सिलिंडरवर चालणारे मिग. यात तारेचे रीळ आपोआप पुढे सरकते आणि आर्गॉन किंवा कार्बन डायऑक्साइड वायू जोडाचे रक्षण करतो. शिकायला सोपे आणि रॉडपेक्षा धूर कमी. मात्र थोडा वारा सुटला तरी संरक्षक वायू उडून जातो आणि जोड जाळीदार, कच्चा होतो. म्हणून माणूस दार-खिडक्या लावून घेतो आणि जो काही धूर असतो तो त्याच खोलीत कोंडला जातो. अगदी बंद जागेत हे वायू प्राणवायूची जागा घेतात. कार्बन डायऑक्साइड आणि आर्गॉन दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात, टाकीत किंवा तळघरात साचतात. आर्गॉनला वासही नाही आणि गुदमरण्याची जाणीवही तो होऊ देत नाही.

तिसरा पर्याय सध्या जोरात विकला जातो : ‘बिनागॅस मिग’. याच्या तारेच्या पोटात रॉडच्या लेपासारखी भुकटी भरलेली असते. सिलिंडर नको आणि वाऱ्याची भीती कमी, म्हणून नवशिक्याला तो मोहात पाडतो. मात्र चौघांत सर्वात जास्त धूर साधारणपणे याचाच. उघड्यावर ठीक, बंद शेडमध्ये नको.

चौथा, टिग. धूर सर्वात कमी आणि जोड सर्वात सुबक. पण एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात तार असे दोन्ही हातांचे कसब लागते, आर्गॉनचा सिलिंडर लागतो आणि खर्चही वाढतो. धूर नाही म्हणून तो निर्धोक समजू नये. धुराचा पडदा नसल्याने अतिनील किरण जास्त मोकळे पसरतात आणि हवेतल्या प्राणवायूपासून ओझोन तयार करतात. तो घशाला आणि श्वासनलिकांना झोंबतो.

आपल्याकडचे घरगुती काम बहुतेक साध्या लोखंडाचे, म्हणजे एमएसचे असते : दीड ते तीन मिलिमीटर जाडीचे चौकोनी पाइप, अँगल, पट्ट्या. जागा मोकळी असेल तर या कामासाठी पहिले मशीन म्हणून रॉडचे, सिंगल फेजवर चालणारे, डीसी इन्व्हर्टर मशीन सर्वात रास्त ठरते. बंद शेड असेल तर मशीनच्या आधी धूर बाहेर ओढणाऱ्या पंख्याची सोय. फ्लॅटसाठी मात्र कोणत्याही प्रकारचे मशीन योग्य नाही. बाल्कनीतला धूर वरच्या मजल्यावर जातो, उजेड समोरच्या खिडकीत आणि ठिणग्या कित्येक फूट दूर पडतात. पडदा, गादी, गॅसचा सिलिंडर यांपैकी काहीही जवळ असू शकते. फ्लॅटमधल्या हौशी माणसाने ओळखीच्या वर्कशॉपमध्ये तासभर जागा मागून काम करावे. त्यात कमीपणा नाही.

घरातला प्लग किती सोसतो

एमएसच्या पातळ कामाला अडीच मिलिमीटरचा ६०१३ रॉड पुरतो. तो ६० ते ९० अँपिअरवर चालतो. सव्वातीन मिलिमीटरच्या आसपासच्या रॉडला ९० ते १३० अँपिअर लागतात. म्हणजे खरोखर १६० अँपिअर देणारे मशीन घराला भरपूर झाले. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘२००’ किंवा ‘२५०’ लिहिले म्हणून ते तेवढे देतेच असे नाही. मागच्या पट्टीवरची ड्यूटी सायकल वाचावी. ‘१६० अँपिअर, ६० टक्के’ याचा अर्थ दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे तेवढ्या प्रवाहावर काम, चार मिनिटे विश्रांती. ही पट्टी नसलेले मशीन घेऊ नये.

आता उलट बाजूचा हिशेब. होल्डरमधून ९० अँपिअर काढताना आर्कचा दाब साधारण २४ व्होल्ट असतो. म्हणजे दोन किलोवॉटहून थोडी अधिक शक्ती. मशीनमधली घट आणि स्वस्त मशीनचा कमी पॉवर फॅक्टर धरला तर भिंतीतल्या प्लगमधून १४-१५ अँपिअर ओढले जातात. १६ अँपिअरच्या, म्हणजे गिझरच्या जाड पिनांच्या प्लगची मर्यादा इथेच येते. १६० अँपिअरवर हाच आकडा २५-३० पर्यंत जातो. टीव्ही-मोबाइलच्या सहा अँपिअरच्या प्लगला किंवा बारीक वायरच्या एक्स्टेंशन बोर्डाला मशीन जोडले तर आधी वायरचे आवरण मऊ होते आणि मग वास येतो. तोपर्यंत भिंतीच्या आत काय झाले ते दिसत नाही. म्हणून मशीनसाठी मीटरपासून वेगळी जाड तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. घराचा मंजूर भार किती आहे, तेही वीजबिलावर पाहावे.

होल्डरचा धक्का

आर्क पेटलेली नसते तेव्हा होल्डरवरचा दाब उलट वाढलेला असतो. जुन्या जड ट्रान्सफॉर्मर मशीनमध्ये तो ७०-८० व्होल्ट एसी असतो. घरातल्या २३० व्होल्टपेक्षा कमी, म्हणून कारागीर त्याला हसण्यावारी नेतात. शरीराचे गणित वेगळे आहे. कोरड्या त्वचेचा विरोध काही हजार ओहमपासून कितीतरी वर जातो. घामाने भिजल्यावर तो हजार ओहमपर्यंत किंवा त्याहून खाली येऊ शकतो. ८० व्होल्ट आणि हजार ओहम म्हणजे ८० मिलिअँपिअर. साधारण दहा मिलिअँपिअरच्या एसी प्रवाहालाच हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. त्याच्या कितीतरी पट प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून ते थांबू शकते. मे महिन्याचा घाम, जुलैची ओल, पायात चप्पल आणि मांडीखाली लोखंडी पत्रा अशी बैठक असेल तर ‘साधा झटका’ साधा राहत नाही.

डीसी इन्व्हर्टर इथे तुलनेने बरा, कारण तेवढ्याच दाबाला डीसी प्रवाह एसीइतका घातक नसतो. त्यातही ‘व्हीआरडी’ सोय असलेले मशीन निवडावे. काम थांबले की ही सोय होल्डरवरचा दाब खूप खाली आणते. थोडे पैसे जास्त गेले तरी पहिल्या मशीनसाठी सर्वात उपयोगी सुविधा हीच.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला की वेल्डिंगचा धक्का बसणार नाही, असे अनेकांना वाटते. मेन्सच्या बाजूला, उदाहरणार्थ मशीनची पिन किंवा केबल उघडी पडली तर, तो जीव वाचवतो. होल्डरची बाजू मात्र मशीनच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे मेन्सपासून वेगळी असते, त्यामुळे तिथला धक्का आरसीसीबीला कळतच नाही. तिथे कामाला येतात ते कोरडे चामडी हातमोजे, रबरी तळाचे बूट आणि बसायला लाकडी पाट. हातमोजे दोन जोड ठेवावेत. एक घामाने भिजला की दुसरा. बादलीत मीठ-पाणी घालून थेट मेन्सवर ‘वेल्डिंग मशीन’ बनवण्याचे व्हिडिओ फिरत असतात. त्यात मेन्स आणि माणूस यांच्यामध्ये काहीही नसते. तो प्रयोग कोणीही करू नये.

न दिसणारा उजेड

आर्कचे तापमान पाच-सहा हजार अंश सेल्सिअस आणि त्याहूनही वर जाते. तिच्या झगझगीत उजेडाने डोळा आपसूक मिटतो. इजा मात्र त्यासोबत येणारे, डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण करतात. हे किरण कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, सर्वात वरच्या थरात शोषले जातात. त्या पेशी लगेच मरत नाहीत. काही तासांनी त्या गळू लागतात, खालच्या मज्जातंतूंची टोके उघडी पडतात आणि मग वेदना सुरू होते. दुपारचे काम मध्यरात्री दुखते ते यामुळे. दिवसभरातल्या छोट्या छोट्या लखलखाटांची बेरीजही होत जाते. नवशिक्याला रॉड पेटवायला जमत नाही, म्हणून तो काच बाजूला करून बघतो आणि प्रत्येक वेळी ‘एकदाच तर’ म्हणतो.

म्हणूनच पहिल्या मशीनसोबत हातात धरायच्या काळ्या काचेपेक्षा आपोआप काळे होणारे हेल्मेट घ्यावे. आर्क पेटताच सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात त्याची काच काळी होते. दोन्ही हात मोकळे राहतात आणि डोकावण्याचा मोह उरत नाही. रॉडच्या घरगुती कामाला शेड १० किंवा ११ ठेवावी. काचेवर ईएन ३७९ हा दर्जाचा शिक्का आहे का, ते पाहावे. काहीच न लिहिलेली स्वस्त काच भरवशाची नाही. गॉगल किंवा एक्स-रेची फिल्म हा पर्यायच नाही.

उजेड शेजारच्यांनाही लागतो. पांढऱ्या भिंतीवरून, पत्र्यावरून तो परत फिरतो. कामाभोवती वेल्डिंगचा पडदा किंवा किमान जाड ताडपत्रीचा आडोसा करावा आणि ठिणग्या ताडपत्रीवर पडणार नाहीत इतके अंतर ठेवावे. मुलांना आवाजाने कुतूहल वाटून ती जवळ येतात. त्यांना घरात पाठवूनच काम सुरू करावे. अंगावर पूर्ण बाह्यांचा सुती जाड शर्ट, गळ्यापर्यंत बटणे लावलेली. सिंथेटिक कापड ठिणगीने वितळून कातडीला चिकटते.

तरीही डोळ्याला आर्क लागलीच, तर बहुतेकांचा डोळा एक-दोन दिवसांत पूर्ण बरा होतो. थंड पाण्याची पट्टी, अंधारी खोली, डोळे न चोळणे आणि डॉक्टरांनी दिलेले वंगणाचे थेंब व वेदनाशामक एवढे पुरते. कच्च्या बटाट्याचे काप, बाळंतिणीचे दूध, मध यांपैकी काही डोळ्यात घालू नये. जखमी कॉर्नियावर जंतुसंसर्गाची भर पडते. त्याहून मोठी चूक म्हणजे डोळा बधिर करणारे थेंब औषधाच्या दुकानातून आणून पुन्हा पुन्हा घालणे. तपासताना डॉक्टर ते एकदा घालतात तेव्हा जादूसारखा आराम पडतो, म्हणून रुग्ण बाटलीच मागतो. हे थेंब वारंवार घातले तर कॉर्निया भरून येण्याची प्रक्रियाच थांबते, व्रण पडतो आणि नजर कायमची जाऊ शकते. स्टिरॉइडचे थेंबही मनाने घालू नयेत. दुखणे एकाच डोळ्यात असेल, ग्राइंडर चालवताना काही उडाल्याचे आठवत असेल, नजर अंधूक झाली असेल किंवा दोन दिवसांनंतरही दुखत असेल, तर तो साधा आर्कचा त्रास नाही असे धरून नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

धूर कुठे जातो

वेल्डिंगचा धूर म्हणजे वाफ होऊन पुन्हा थिजलेला धातू. त्याचे बहुतेक कण एक मायक्रोमीटरहूनही लहान, त्यामुळे ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. त्यात लोह असते, रॉडमधले मँगनीज असते आणि स्टेनलेस स्टीलचे काम असेल तर क्रोमियम आणि निकेलही. मँगनीजचा मारा वर्षानुवर्षे जास्त राहिला तर मेंदूवर परिणाम होऊन कंपवातासारखी लक्षणे दिसू शकतात. स्टेनलेस स्टीलच्या धुरातले हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे. घरात पहिले काम म्हणून स्टेनलेस स्टीलचे रेलिंग निवडू नये, त्याचे हेही एक कारण.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील, फ्रान्समधल्या लियाँ इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्ये वेल्डिंगच्या धुराला ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा गटात ठेवले होते. २०१७ मध्ये पुराव्यांची पुन्हा छाननी होऊन तो पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत गेला. वेल्डिंगमधले अतिनील किरणही त्याच गटात गेले. त्यानंतर २०१९ मध्ये ब्रिटनच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने साध्या लोखंडाच्या वेल्डिंगलाही धूर ओढण्याची सोय हवी, असा नियम कडक केला. पहिला गट हे पुराव्याच्या भक्कमपणाचे माप आहे, धोक्याच्या आकाराचे नव्हे. महिन्यातून चार तास अंगणात काम करणाऱ्याचा धोका रोज आठ तास शेडमध्ये बसणाऱ्याइतका नसतो. पण बंद खोलीतले चार तास आणि अंगणातले चार तास यांत फार फरक आहे आणि हा फरक माणसाच्या हातात आहे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. वारा एका कुशीकडून दुसऱ्या कुशीकडे जाईल असे बसावे. वारा पाठीवर घेतला तर धूर छातीपुढे घुटमळतो. जोडावर थेट ओणवे होऊ नये, डोके धुराच्या लोटाबाहेर ठेवावे. हेल्मेटच्या आत एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा मास्क घालावा. रुमाल आणि शस्त्रक्रियेचा निळा मास्क या कणांना अडवत नाहीत. दाढी असेल तर चांगला मास्कही नीट बसत नाही. मास्क कण अडवतो, ओझोन किंवा कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू नाही. म्हणून मास्क घातला की बंद खोली चालते, असेही नाही. कामाचा तुकडा रंग आणि तेल काढून कोरडा करावा. ब्रेक क्लीनरसारख्या क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसलेल्या लोखंडावर आर्क पेटवली तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

कामानंतर पेलाभर दूध किंवा गुळाचा खडा खाण्याची रीत अनेक कारखान्यांत आहे. दूध-गूळ पोटात जातो आणि धूर फुप्फुसात. तिथे त्यांची गाठ पडत नाही. आवडीने खावा, पण मास्कच्या ऐवजी नाही.

रात्रीचा ताप

गंज लागू नये म्हणून घरगुती कामात लोक जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप आणतात. लोखंड वितळते १५३८ अंशांना. जस्त मात्र ९०७ अंशांनाच उकळते. म्हणजे लोखंड वितळायच्या आधीच जस्ताची वाफ होऊन पांढरा दाट धूर उठतो. तो छातीत गेला की चार ते बारा तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून दुखते, तोंडात धातूची चव येते. कारागिराला हा ताप ठाऊक असतो. नवख्याला नसतो आणि पावसाळ्यात डॉक्टरही आधी मलेरिया-डेंग्यूचाच विचार करतात. ‘काल जीआय पाइपवर वेल्डिंग केलं’ एवढे एक वाक्य सांगितले तर निदानाची दिशा लवकर सापडते. हा ताप एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. मात्र दम लागत असेल, छाती भरत असेल, ताप उतरण्याऐवजी त्रास वाढत असेल, तर तो साधा धुराचा ताप समजू नये. जुन्या मुलामा दिलेल्या नट-बोल्टांत कॅडमियम असू शकते आणि त्याच्या धुराची सुरुवात अशीच होऊन पुढे फुप्फुसात जीवघेणी सूज येते. अशा रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. पहिल्या कामांसाठी साधा एमएस पाइप आणून नंतर रंग देणे केव्हाही बरे.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे

छातीत पेसमेकर असलेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मशीन सुरू करू नये. केबलभोवतीचे चुंबकीय क्षेत्र यंत्रात ढवळाढवळ करू शकते. दमा किंवा जुना फुप्फुसविकार असलेल्यांना थोडा धूरही पुरतो. गरोदर स्त्रीने त्या जागेपासून लांब राहावे. नियमित वेल्डिंग करणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका जास्त असतो, म्हणून ब्रिटनमध्ये त्यांना न्यूमोकॉकसची लस दिली जाते. आपल्याकडेही डॉक्टरांशी याबद्दल बोलता येईल. ग्राइंडरचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो आणि तेवढ्या आवाजात पाव तासापलीकडे उघड्या कानाने राहणे धोक्याचे, म्हणून कानात प्लग हवेत. ग्राइंडर चालवताना साधा चष्मा पुरत नाही, बाजू बंद असलेला हवा. पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली तर वेल्डिंग-ग्राइंडिंग केल्याचे तिथे आवर्जून सांगावे. डोळ्यात राहून गेलेला लोखंडाचा बारीक कण त्या चुंबकात हलू शकतो, म्हणून आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात. कॉन्टॅक्ट लेन्स आर्कमुळे डोळ्याला चिकटते, ही मात्र निव्वळ ऐकीव गोष्ट आहे.

यादी उलट्या क्रमाने

सहसा सगळे पैसे मशीनवर जातात आणि ‘बाकीचं बघू नंतर’ असे होते. यादी उलटी करावी. आधी जागा ठरवावी आणि मुलांसाठी, शेजाऱ्यांसाठी आडोसा. मग वेगळी वायर, एमसीबी, अर्थिंग. मग हेल्मेट, मास्क, हातमोज्यांचे दोन जोड, बूट, ग्राइंडरचा चष्मा, कानाचे प्लग आणि हाताशी वाळूची बादली व अग्निशामक. शेवटी उरलेल्या पैशांत बसेल ते १६० अँपिअरच्या आसपासचे, ड्यूटी सायकल लिहिलेले, व्हीआरडी असलेले, गावात दुरुस्ती होणारे इन्व्हर्टर मशीन. हातात पैसे कमी असतील तर मशीन पुढच्या महिन्यावर ढकलावे, हेल्मेट नाही. मधल्या काळात ओळखीच्या कारागिराकडे चार रविवार बसून टाके मारायला शिकावे. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम वर्षभराचा असतो, तो उगाच नाही. काम संपल्यावरही अर्धा-एक तास जागा सोडू नये. भुशात किंवा चिंध्यांत दडलेली ठिणगी उशिरा पेटते.

ही सगळी तयारी असेल तर घरच्या अंगणात बनवलेल्या कुंड्यांच्या स्टँडचा आनंद खराच आहे. तो कोणी हिरावून घेऊ नये. फक्त पहिला टाका मारण्यापूर्वी एकदा मागे वळून बघावे, कोण उभे आहे ते. रात्री अडीचला ट्यूबलाइटखाली डोळे गच्च मिटून बसलेल्या त्या मुलीचा त्रास पूर्णपणे टाळता येण्यासारखा होता.